साकु

चौथ्या दिवशी छातीचे दगड झाले.
बाळ ओठ लावायचं, किंचाळायचं, मान फिरवायचं.
सासूबाई म्हणाल्या, हिला दूध पुरत नाही.
जाऊ म्हणाली, पुरत नाही.
शेजारीण पानं कातरता कातरता उंबऱ्यातूनच म्हणाली,
पुरत नसेल गं.
हे काहीच बोलले नाहीत,
अक्कोळ रस्त्याच्या दुकानातून डबा घेऊन आले.
डब्यावरचं बाळ आमच्या बाळाच्या तिप्पट.

निपाणीत आमच्या गल्लीत सगळं मोजून चालतं.
पंचवीस बिड्यांचा कट्टा,
चाळीस कट्ट्यांचं हजार,
त्यातून मुकादम बाजूला टाकतो ती छाट.
पानं मोजून, जर्दा तोलून,
दोरासुद्धा हिशेबात.
दूध तेवढं मोजता येईना
म्हणून ते कमीच ठरलं.
मीही स्वतःकडे मुकादमाच्या डोळ्यांनी बघायला लागले:
डावी छाट,
उजवी छाट.

कस्तुरी बडिगेर आली तेव्हा मी डब्याचं झाकण उचकटत होते.
दवाखान्याची बाई, माहेर चिकोडीच्या पलीकडं,
मराठी भाड्याच्या खोल्यांत शिकलेली.
माझी बाळ म्हणायची, तुझा दूध म्हणायची.
डबा तिनं बघितला. त्याबद्दल अक्षर काढलं नाही.
म्हणाली, "हात दे बघू."
आणि हुंगला.

"तंबाखू. ह्याला आईचा वास पायजे की,
मुकादमाचा कशाला?"

कोपरापर्यंत साबण, दोनदा.
झंपर बदलायला लावलं.
ऊन पाण्यात पिळलेलं फडकं,
मग बोटांनी थोडं काढलं;
पहिली चिळकांडी तिच्याच पदरावर.
पाठ भिंतीला, पोटाला पोट.
"तू वाकू नको. त्याला आण.
तोंड मोठा उघडू दे, जांभई दिल्यासारखा.
नुसता टोक नाही, भोवतीचा काळा पण आत."
दुखलं. मी ओरडले.
तिनं करंगळी घालून सोडवलं, पुन्हा लावलं.
पुन्हा सोडवलं.
तिसऱ्यांदा मात्र
घुटुक.
मग बराच वेळ काही नाही.
मग घुटुक.
सासूबाई दारात सूप धरून उभ्या होत्या,
त्यांच्या हातातलं पाखडणं थांबलं.

मी विचारलं, पण पुरतंय हे कळायचं कसं?
तिनं अंगणातल्या दोरीकडं बोट केलं.
"लंगोट मोज. उद्यापासून दिवसाला सहा ओले, म्हंजे साकु."
साकु?
"पुरे झाला, असं. आमच्यात म्हणतात."
पिशवी उचलता उचलता थांबली.
"आणि साकु म्हंजे पोस. वाढव.
दोन्हीला शब्द एकच हाय बघ."

ज्या गावात पाटीवरच्या अक्षरांना डांबर फासलं जातं
तिथं तिचा एक शब्द मी घरात घेतला,
कुणाला विचारलं नाही.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही.
दुसऱ्या आठवड्यात एका रात्री
हे झोपलेले, मी रडलेली, बाळ रडतंच,
मी डब्यातलं दिलं.
तिला सांगितलं तेव्हा वाटलं, आता ही पण छाट काढणार.
ती म्हणाली, "पहाटे काय केलीस?"
पाजलं.
"मग झालं की."

आता सासूबाई संध्याकाळी दोरीखाली उभ्या राहतात,
बोटाच्या पेरांवर मोजतात.
आज सात, म्हणतात,
जसं मुकादमानं एकही बिडी परत केली नाही.
काल मोजून झाल्यावर आत आल्या नाहीत.
बाहेरूनच बोलल्या, माझ्याशी की दोरीशी कळलं नाही:
"माझ्या थोरल्याला मी सहाव्या दिवशी तोडलं.
म्हटले सगळे, पुरत नाही.
माझा हात कुणी हुंगला नव्हता."

मी बाळाला दुसऱ्या बाजूला घेत होते.
खिडकीतून दिसलं,
चाळीस वर्षांची पिवळी बोटं
त्यांनी नाकाशी नेली.